उलट्या कामाचे धान्य



खते, बियाणे, फवारणी हे विषय आज बाजूला ठेवू. झड लागली की दोन-दोन दिवस रानात पाय ठेवता येत नाही. अशा वेळी ओसरीवर पोराबाळांना घेऊन करण्याजोगा एक उद्योग सांगतो. तो म्हणजे शब्दकोडे.

आडवे शब्द, उभे शब्द तुम्ही पाहिलेच असतील. त्यातल्या सूचना बहुधा सरळ असतात. 'एक कडधान्य' म्हटले की तूर नाही तर मूग. पण इंग्रजी वर्तमानपत्रांत याच कोड्याचा एक वाकडा भाऊ आहे. त्याला आपण गूढ कोडे म्हणू. त्यातली सूचना दाखवते एक आणि सांगते दुसरेच. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं!

आपल्या मराठीतच करून पाहू. सूचना अशी : 'उलट्या कामाचे धान्य', चौकटी २. उलटे काम म्हणजे बिघडलेले काम, असे वाटून आपण भलतीकडेच जातो. तसे नव्हे. 'काम' हा शब्दच उलटा लिहा. झाला की नाही मका?

दुसरी : 'नवा घरगडी पोटात लपवतो पट्टेवाला', चौकटी २. पट्टेवाला म्हटल्यावर डोळ्यांपुढे कचेरीतला शिपाई येतो. पण 'नवा घरगडी' ही अक्षरे एकापुढे एक वाचा. मध्ये 'वाघ' दबा धरून बसलाय. त्याच्याही अंगावर पट्टे असतातच!

तिसरी : 'गाणे म्हण, पण अट आहे, मग मिळेल जमिनीखालचे गोड', चौकटी ३. गाणे म्हण म्हणजे 'गा', अट म्हणजे 'जर'. दोन्ही जोडले की गाजर. चौथी सोपी आहे : 'यावर बसून जेवावे, यातून पिकाला पाणी द्यावे', चौकटी २. ती सांगत नाही, घरातल्या आजीला विचारा. पाटावर बसलेली तीच सांगेल.

यातली मेख ध्यानात घ्या. बहुतेक सूचनांचे दोन भाग असतात. एका टोकाला शब्दाचा सरळ अर्थ, उरलेल्या भागात तो शब्द कसा घडवायचा याची खूण. एकाच भागावरून उत्तर लिहिले तर तो अंदाज. दोन्ही भाग एकाच शब्दावर येऊन मिळाले, तरच उत्तर पक्के. आडव्या-उभ्या शब्दांची अक्षरे जुळतात की नाही, ही वरून आणखी एक तपासणी.

आता याचा इतिहास थोडक्यात. शब्दकोडे पहिल्यांदा छापले गेले २१ डिसेंबर १९१३ रोजी, 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या अमेरिकन पत्रात. करणारा होता आर्थर विन, मूळचा इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. पुढे इंग्लंडात १९२० नंतरच्या दशकात सूचनांना गूढ वळण मिळाले. लंडनच्या 'टाइम्स' दैनिकात पहिले कोडे आले १ फेब्रुवारी १९३० रोजी, आणि ते रचणारा माणूस आपल्याच बिरादरीतला निघाला! त्याचे नाव एड्रियन बेल. हा तरुण १९२० साली लंडन सोडून सफोक परगण्यात एका शेतकऱ्याकडे शेती शिकायला राहिला. पुढे त्याने स्वतः शेती केली, शेतीवर पुस्तके लिहिली. वडील वर्तमानपत्रात होते, त्यांनी हे काम त्याच्याकडे आणले. त्याआधी त्याने एकही कोडे सोडवले नव्हते म्हणतात. पण नंतर चाळीसहून अधिक वर्षे तो 'टाइम्स'साठी कोडी रचत राहिला.

मला यात नवल वाटत नाही. रोज उठून आभाळ, माती आणि पान वाचणारा माणूस शब्दही दोन्ही बाजूंनी वाचणारच.

कोड्याचा खरा फायदा मात्र उत्तर छापून आल्यावर असतो. चुकलेली सूचना पुन्हा काढावी. कुठल्या शब्दाने आपल्याला चकवले ते पाहावे. ही सवय मला फार उशिरा लागली, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

काही वर्षांपूर्वी चुनखडीच्या एका रानात सोयाबीन पिवळे पडले होते. पिवळे म्हणजे नत्र कमी, असे मी उभ्या उभ्या सांगितले. त्या शेतकऱ्याने युरिया आणून टाकला. आठ दिवस गेले, पैसे गेले, पिवळेपणा तसाच. मग खाली बसून पान हातात घेतले. पिवळी होती ती शेंड्याकडची कोवळी पाने, आणि त्यांच्या शिरा हिरव्या होत्या. नत्राची कमतरता आधी खालच्या जुन्या पानांवर दिसते. ही कमतरता लोहाची होती. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. 'पिवळे' हा सूचनेचा निम्मा भाग झाला. 'कुठले पान, शिरा कशा' हा दुसरा निम्मा मी वाचलाच नव्हता. तो शेतकरी मला एका शब्दाने बोलला नाही. उलट चहा पाजला. तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही.

म्हणून सांगतो, पान असो, औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी असो की कर्जाचा कागद असो, पहिल्या वाचनात जे दिसले त्यावर अंगठा उठवू नका. दुसरा भाग त्याच्याशी जुळतो का ते पाहा. मुलांना ही सवय खेळता खेळता लावायची तर शब्दकोड्यासारखा स्वस्त मास्तर नाही.

जाता जाता घरच्यांसाठी एक सूचना : 'पुढून वाचा, मागून वाचा, नवे आयुष्य लाभेल', चौकटी ५. मराठीत एका चौकटीत काना-मात्रेसकट एक अक्षर बसते, एवढे लक्षात ठेवा. सगळ्यांनी मिळून सोडवा. उत्तर पुढच्या अंकात.