कुष्ठ म्हणण्यापूर्वी

वर्षानुवर्षे खाजणारे लालसर चट्टे पाहून आपण वैद्यमंडळी विचर्चिका वा एककुष्ठ असे निदान करून मोकळे होतो. क्वचित मात्र त्या चट्ट्यांमागे ‘मायकोसिस फंगॉइडिस’ हा त्वचेतील टी-पेशींचा लिम्फोमा दडलेला असतो. नावात बुरशी असली तरी हा कर्करोगच होय. म्हणून उपचारांस न जुमानणाऱ्या चट्ट्यांची बायॉप्सी करवून घेणे आम्ही वैद्याचे कर्तव्य मानतो.

अन्य सार्वदैहिक उपचारांस दाद न देणाऱ्या अशा रुग्णांसाठी बेक्सारोटीन या रेटिनॉइड औषधास अमेरिकेत १९९९ च्या अखेरीस मान्यता मिळाली. ते गुणकारी, तसेच तीक्ष्णही आहे. त्याने रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढतात, थायरॉइडचे स्राव घटतात आणि गर्भास व्यंग संभवते.

आपली खरी कसोटी येथेच आहे. हे औषध घेणारा रुग्ण थकवा, अंगाचे जडत्व, थंडी न सोसणे अशा तक्रारी सांगतो. त्यास कफवृद्धी समजून काढे देणे ही घोडचूक ठरेल. केवळ टीएसएच पाहूनही फसगत होते, कारण या औषधाने तोच घटतो. फ्री टी-४ पाहावा लागतो.

अशा रुग्णाचे औषध आपण परस्पर थांबवू नये. त्याच्या तज्ज्ञांना कळविल्यावाचून गुग्गुळकल्पही देऊ नयेत. कोणते औषध चालू आहे, हे आधी विचारावे. शास्त्राचा अभिमान रुग्णाच्या प्राणांहून मोठा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.