पांडांच्या आडून सार्वभौमत्व

निक्सन यांच्या चीनभेटीनंतर १९७२ साली वॉशिंग्टनला पांडांची जोडी मिळाली ती कायमची. १९८४नंतर बीजिंगने हे औदार्य आवरले. परदेशांना पांडा मिळू लागले ते मुदतीच्या करारावर. पुढे जोडीमागे वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत शुल्क आले, पिल्लांवरही मालकी चीनचीच राहिली. हा पैसा संवर्धनासाठी असतो आणि रानातील पांडा २०१४च्या गणनेत १,८६४ भरले, हेही खरे. तैवानला देऊ केलेली जोडी मात्र भेट होती, हाँगकाँगला १९९९मध्ये दिलेल्या जोडीसारखीच. खोच नेमकी येथे होती: परक्याशी करार, घरच्याला भेट. त्यातून तुआन तुआन, युआन युआन ही नावे जोडली की अर्थ होतो ‘पुनर्मीलन’! चेन शुई-बियान सरकारने २००६मध्ये नकार दिला. मा यिंग-जिऊ सत्तेवर येताच, २००८मध्ये, जोडी तैपेईत उतरली.