बॉट बोलणार कुठल्या भाषेत?

फेस्टचा सीझन आला की बारामती-इंदापूरकडच्या ग्रुपवरही 'बॉट वॉर'ची पोस्टर्स फिरायला लागतात. बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहा, दुसऱ्याच्याला हरवा, बक्षीस न्या. आयडिया भारीच. फक्त बक्षिसाचा आकडा ठळक असतो आणि दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलणार कसे, हे बहुतेकदा आदल्या रात्री कळतं.

विषय किरकोळ वाटेल, पण स्पर्धेत कोण उतरणार हे तिथंच ठरतं. 'आमच्या सर्व्हरला ऑनलाइन जोडा' म्हटलं, की निमगाव केतकीच्या पानमळ्यातल्या घरातून हॉटस्पॉटवर खेळणाऱ्याचं घड्याळ चाल शोधण्यात कमी आणि रेंज शोधण्यात जास्त पळणार. 'जावामध्येच लिहा' म्हटलं, की पायथनवाली पोरं बाहेर.

खरं तर हे कोडं कधीच सुटलंय. रुडॉल्फ हुबर आणि स्टेफान मायर-काहलेन यांनी २००० मध्ये 'यूसीआय' आणला. सगळा साधा मजकूर! पंच प्रोग्रॅम डावाची स्थिती एका ओळीत पाठवतो, 'गो' म्हणतो. इंजिन विचार करून 'बेस्टमूव्ह' आणि चाल छापतं. भाषा कुठलीही चालते, नेट लागत नाही. स्टॉकफिशही हेच बोलतं. गो या खेळासाठी असाच 'जीटीपी' आहे.

यूसीआयमध्ये इंजिनला हार मानायची सोय नाही, हे खरं. एक्सबोर्डच्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये ती आहे, पण तिथं अख्खा डाव इंजिननं लक्षात ठेवायचा. यूसीआयमध्ये दर वेळी सगळ्या चाली नव्यानं येतात, म्हणजे नवख्याचं डोकं वाचतं. मी तरी हाच निवडेन. हार-बरोबरीचं 'कटचेस'सारखं फुकट सॉफ्टवेअर बघून घेतं.

'परक्याचा प्रोग्रॅम आमच्या मशिनवर? व्हायरस आला तर?' आयोजकांची ही भीती रास्त आहे. मग नेट काढलेला, नंतर फॉरमॅट मारता येईल असा एक जुना पीसी बाजूला ठेवा की. लॅबमध्ये त्यांना काय तोटा!

नियमांचं एक पान आणि नमुन्याचा बॉट महिनाभर आधी द्या, एक सराव फेरीही घ्या. चाल सुचते, पण आउटपुट बफरमध्ये अडकून बाहेरच पडत नाही, हा नवख्यांचा ठरलेला घोळ. 'फ्लश'ची एक ओळ राहते आणि बॉट जिंकत आलेला डाव वेळेवर घालवतो. हे सराव फेरीत झालं तर हसून सोडता येतं. फायनलला झालं तर भांडणं होतात.