दांड्याची जात

परवा सुरतेला साडूभाऊंकडे गेलो होतो. दिवाणखान्यात सोफ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू ठेवली होती. उघडली तर दुधारी कुऱ्हाड! दोन्ही बाजूंना पातं, मधोमध नेढं आणि त्यात जुन्या दांड्याचा कुजलेला तुकडा अडकलेला. भंगारात मिळाली म्हणाले. आपल्याकडची नव्हेच ती, अमेरिकेतल्या लाकूडतोड्यांच्या घडणीची. "आता हिला सागाचा दांडा बसवतो. वर पॉलिश, पितळी कडी. भिंतीवर परशुरामाच्या तसबिरीखाली शोभेल!"

आम्ही गोव्याची माणसं परशुरामाच्या नावाने चटकन हळवी होतो, पण मी गप्प बसलो नाही. साग? कुऱ्हाडीला?

साडूभाऊंच्या ओळखीचा सुतार डांगातला, आहव्याकडचा. त्याची बोली मला अर्धीअधिक कळली. तो हसून म्हणाला, "साहेब, साग घरात बसायला. घाव घालायला धामण." मग त्याने दांडा कसा निवडायचा ते सांगितलं. लाकूड करवतीने कापलेलं नको, फाडलेलं हवं, म्हणजे रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते. गाठ नको. शेवटाकडून पाहिलं तर वलयांच्या रेषा पात्याच्या रेषेत हव्यात, आडव्या नकोत. लाकूड सावलीत सुकलेलं हवं, नाहीतर आज घट्ट बसलेलं पातं महिन्याभरात खुळखुळतं. आणि दुधारीला दांडा सरळच हवा. एकधारीचा दांडा बाकदार चालेल, पण हिची दोन्ही पाती कामाची. बाक कुठल्या बाजूला देणार?

अमेरिकेत या कामाला हिकरी वापरतात. आपल्याकडे धामण, धावडा, तिवस, बाभूळ. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने सागाला 100 गुण धरून बाकीची लाकडं तोलली, त्यात धक्का सोसण्याच्या बाबतीत धामण सागाच्या बरीच पुढे आहे. म्हणजे सुताराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं ते प्रयोगशाळेनेही मान्य केलं.

मग साग राजा झाला कसा? जहाजांमुळे. 1840 च्या दशकात इंग्रजांनी डांगच्या राजांकडून जंगलं भाडेपट्ट्याने घेतली ती सागासाठी. त्या राजांच्या वारसांना आजही होळीच्या सुमारास आहव्याच्या दरबारात मानधन मिळतं. तेव्हापासून वनखात्याच्या वहीत एक रकाना सागाचा, आणि उरलेल्या सगळ्यांचा मिळून एक. आमच्या मराठीत त्या दुसऱ्या रकान्याला नाव आहे 'आडजात'! धामण, धावडा, तिवस सगळे आडजात. हा शब्द कागदावर उतरवताना कुणाचा हात थरथरला असेल असं मला वाटत नाही. मी स्वतः कारकून आहे, रकाने आखणाऱ्यांचा स्वभाव मला माहीत आहे.

आणखी एक गंमत. 1927 च्या वन कायद्यातली 'इमारती लाकूड' या शब्दाची व्याख्या वाचा. कापलेलं, घडवलेलं, कोरलेलं कुठलंही लाकूड त्यात येतं. म्हणजे कुऱ्हाडीचा दांडासुद्धा इमारती लाकूड! दुकानातला पॉलिशवाला साग पावती घेऊन बिनघोर न्या. पण राखीव जंगलातून धामणीचं एक खोड आणणाऱ्या डांगी सुताराने मात्र चौकीकडे बघत चालायचं.

तुम्ही म्हणाल, म्हणजे जंगल मोकळं सोडायचं का? नाही. पण मांडीएवढ्या खोडातून तीनचार दांडे फाडणाऱ्याने जंगल संपवलं, असं निदान मला सांगू नका. आपण मात्र शाळेपासून घोकतो, 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ'. सगळा दोष दांड्याचा! दांडा कुणाच्या हातात होता आणि लिलाव कुणी पुकारला, हे त्या म्हणीत कुठेच नाही.

भिंतीवर टांगायची तर काहीही बसवा, असंही कुणी म्हणेल. टांगा की! पण मग 'जुनी वस्तू जपली' असं म्हणू नका. लोखंड जपणं सोपं आहे, ते कपाटातही टिकतं. दांडा दर काही वर्षांनी मोडतो, आणि दर वेळी कुणाला तरी लाकूड ओळखावं लागतं. ती ओळख गेली की कुऱ्हाड मेली.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. वीस वर्षांपूर्वी वडिलांच्या कुऱ्हाडीला मीच बाजारातून गुळगुळीत, चकचकीत दांडा आणला होता. लाकूड कुठलं, विचारलंही नाही. तिसऱ्या दिवशी तो नेढ्यापाशी तुटला आणि पातं वडिलांच्या नडगीवर आलं. ते कधी काही बोलले नाहीत. व्रण मात्र शेवटपर्यंत होता.

साडूभाऊंनी सागच बसवला. दिसतो छान. असो.