सूक्ष्मदर्शकाचा दिवा बदलला

ऑर्केस्ट्राच्या रंगमंचावर जांभळा दिवा लागला, की गायकाचा पांढरा सदरा एकदम झळाळू लागतो. ही करामत सदऱ्याची नव्हे, तर धुण्याच्या पावडरीतील एका द्रव्याची! ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घेते आणि निळसर प्रकाश बाहेर टाकते. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. क्षयाचे जंतू शोधायलाही हीच युक्ती कामी येते.

रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जगापुढे मांडला. तो शोधण्यासाठी रुग्णाचा बेडका काचपट्टीवर पसरून रंगवतात. नेहमीच्या पद्धतीत तेलाचा थेंब टाकून, हजारपट मोठे करून, निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या हुडकायच्या. दिवसभर हेच काम! डोळे शिणले, एखादी काडी नजरेतून सुटली, की खोकणारा माणूस औषधाविना घरी परततो आणि घरच्यांनाही धोका राहतो.

त्याऐवजी ऑरामाइन हा रंग दिला, तर जंतू अंधारातल्या चांदण्यांसारखे पिवळे चमकतात. फार मोठे करून पाहावे लागत नाही, म्हणून एका नजरेत काचपट्टीचा बराच भाग दिसतो. मग अडले कोठे? दिव्यापाशी! पाऱ्याच्या वाफेचा दिवा महाग, दोन-तीनशे तासांत बाद होणारा. विझला तर थंड होईपर्यंत पुन्हा लावायचा नाही. फुटला तर पाऱ्याची विषारी वाफ. शिवाय खोली अंधारी हवी. लहान दवाखान्याला हे कसे परवडावे?

उपाय निघाला एलईडीचा. साध्या सूक्ष्मदर्शकालाही तो जोडता येतो. निळा एलईडी, त्यापुढे नेमका निळा प्रकाश सोडणारी गाळणी आणि डोळ्यांच्या बाजूला दुसरी गाळणी. ही दुसरी निळा प्रकाश अडवते व जंतूंची पिवळी चमक तेवढी आत सोडते. हा दिवा हजारो तास टिकतो, बॅटरीवरही चालतो आणि अंधाऱ्या खोलीचा हट्ट धरत नाही. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली.

आज निदानासाठी जंतूची जनुके ओळखणाऱ्या अधिक अचूक चाचण्या आल्या आहेत. तरीही उपचार लागू पडतात की नाही, हे पाहायला सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतोच. मात्र दिवा कितीही चांगला असला, तरी बेडका तपासायला गेला पाहिजे. घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला, तर सरकारी दवाखाना गाठा. तेथे तपासणी व औषधे मोफत मिळतात.