आगाऊ पैशांची राखण

रेल्वेची तिकिटे २००२ साली इंटरनेटवर मिळू लागली. आज विमान, हॉटेल, अख्खी सहल घरबसल्या ठरते. ही सोय कोणाला नको आहे? पण हयात बँकेत घालवलेल्या माझ्यासारख्याला वेगळाच प्रश्न पडतो. प्रवासाच्या कित्येक महिने आधी आपण भरतो ती रक्कम म्हणजे कंपनीकडे ठेवलेली बिनव्याजी ठेवच. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचे कवच आहे. या ठेवीला काय आहे?

मे २०२३ मध्ये 'गो फर्स्ट'ची विमाने थांबली आणि आगाऊ तिकिटे काढलेले प्रवासी घेणेकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. २०१९ मध्ये ब्रिटनची १७८ वर्षांची 'थॉमस कुक' बुडाली, तेव्हा मात्र परदेशी अडकलेले सुमारे दीड लाख पर्यटक सरकारी यंत्रणेने घरी आणले. ज्यांच्या सहली रद्द झाल्या, त्यांचे पैसे सहल कंपन्यांच्या दरडोई वर्गणीतून उभारलेल्या निधीने परत केले.

आपला पर्यटन उद्योग ग्राहकाच्या आगाऊ पैशावर फोफावतो आहे. मग त्या पैशाची राखण त्याच उद्योगाच्या खर्चाने व्हायला नको का?