देवगिरीची गादी : पुत्राची कीं भावाची ?

छत्रपती संभाजीनगराहून वेरुळास जाणारे वाचक वाटेंत देवगिरीचा किल्ला पाहतात. खंदक, अंधारी व तोफा पाहून पुढें जातात. आम्हांस मात्र त्या कातळापेक्षां तेथील यादवांची वंशावळ अधिक विचार करावयास लावते.

सिंघणदेवानें इ. स. १२१० पासून सुमारें छत्तीस वर्षें राज्य केलें. पुत्र जैतुगी त्याच्या हयातींतच वारल्यामुळें गादी नातू कृष्णदेवास मिळाली. येथवर सर्व सरळ. पुढें १२६१ च्या सुमारास कृष्णदेव निवर्तला, तेव्हां त्याचा पुत्र रामचंद्र लहान व धाकटा भाऊ महादेव कर्ता होता. महादेव राजा झाला. आपल्या एकत्र कुटुंबांतही वडील भावाच्या मागें चुलताच कारभार पाहतो. त्यांत वावगें कांहीं नाहीं. घोटाळा होतो तो चुलत्याच्या मागें. पुतण्यास गादीचा वारस ठरवून ठेवणें महादेवाचें कर्तव्य होतें, असें आमचें स्पष्ट मत आहे. झालें निराळेंच. १२७० च्या सुमारास तो वारला आणि त्याचा मुलगा आमण गादीवर बसला.

रामचंद्र आतां जाणता झाला होता. महानुभावांच्या परंपरेप्रमाणें तो नटांच्या मेळ्याबरोबर गडावर शिरला, आणि खेळ पाहण्यांत दंग असलेल्या आमणास त्यानें कैद केलें. आमणाचे डोळे काढल्याचेंही सांगतात. चुलत भावानें चुलत भावाचे !

आणि हें कोणाच्या काळांत ? चतुर्वर्गचिंतामणीसारखा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ रचणाऱ्या हेमाद्रीच्या. व्रत, दान, श्राद्ध यांचा बारीकसारीक निर्णय देणारा हा श्रीकरणाधिप महादेवाच्या पदरीं होता, व पुढें रामचंद्राच्याही पदरीं राहिला. त्याच सुमारास स्पेनमधील कॅस्टील राज्यांत विद्वान राजा दहावा आल्फोन्सो याचा वडील मुलगा १२७५ सालीं वारला. राजाच्या स्वतःच्या कायदेग्रंथांत अशा वेळीं नातवाचा हक्क सांगितला होता. तरी १२८४ सालीं गादी बळकावली ती धाकटा मुलगा सान्चो यानें. पोथी दोन्हीकडे होती, पण ती कोणी उघडली नाहीं.

रामचंद्रानें चाळीस वर्षें राज्य केलें. १२९० च्या ज्ञानेश्वरींत त्याचा उल्लेख आहे. १२९६ सालीं अल्लाउद्दीन गडाखालीं आला, आणि मग वारसाचा निर्णय दिल्लीच्या मर्जीवर गेला. पुत्र शंकरदेव मलिक काफूराच्या हातून मारला गेला. शेवटीं जावई हरपाळदेव उठला. १३१८ च्या सुमारास दिल्लीच्या सुलतानानें त्यासही ठार केलें.